पक्षिणीचा पिता : ‘फुलामुलांचे कवी’ या बिरुदाची चिकित्सा

१

काही कवींना बिरुद बहाल करून त्यांच्याविषयीचा विचार तिथेच थांबवण्याची एक रीत मराठी समीक्षेत आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे या रीतीचे ठळक उदाहरण होय. ‘फुलामुलांचे कवी’ हे त्यांचे बिरुद इतके रूढ झाले आहे, की पदवी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ते जवळजवळ त्यांच्या आडनावासारखे येते. बिरुद गोड आहे, उच्चारायला सोपे आहे आणि वरवर पाहता निरुपद्रवी आहे. प्रस्तुत लेखात मात्र ते निरुपद्रवी नाही, असे दाखवण्याचा प्रयत्न आहे.

बिरुदातील दोन शब्द एक प्रकारची वाटणी करतात. फुले आणि मुले ही सर्वांची. त्यांच्यावरील कविता महाराष्ट्रातील कोणत्याही शाळेत, कोणत्याही घरात वाचता येते. उरलेले टिळक, म्हणजे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेणारे, ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन करणारे, अभंगांच्या घाटात ख्रिस्तभक्ती मांडणारे आणि ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभणारे टिळक, हे एका छोट्या समाजाच्या स्वाधीन केले जातात. पहिला भाग वाङ्मयेतिहासाकडे जातो, दुसरा उपासनामंदिराकडे. या वाटणीमुळे कोणावर उघड अन्याय होत नाही, कारण दोन्ही पक्ष आपापल्या वाट्यावर समाधानी असतात. परंतु कविता मात्र मधोमध चिरली जाते.

या वाटणीमागे एक गृहीतक आहे. धर्म हा कवितेत बाहेरून येतो. तो वजा केला की खाली शुद्ध निसर्ग आणि शुद्ध वात्सल्य उरते, असे ते गृहीतक. ते तपासायचे तर टिळकांच्या आधी आणि त्यांच्या काळात मुलांसाठी निसर्ग कसा लिहिला जात होता, हे प्रथम पाहिले पाहिजे.

२

धर्म आणि निसर्ग यांची मुलांसाठी सांगड घालणारा एक निश्चित वाङ्मयप्रकार व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये सिद्ध झाला होता. त्याचे प्रातिनिधिक नाव मार्गारेट गॅटी (१८०९–१८७३) हे होय. यॉर्कशायरमधील एका धर्मोपदेशकाची ही पत्नी समुद्रशैवालांची गंभीर अभ्यासक होती. ब्रिटनच्या किनाऱ्यावरील शैवालांवरचा तिचा ग्रंथ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्या ‘पॅरेबल्स फ्रॉम नेचर’ या निसर्गदृष्टान्तकथांच्या पाच माला १८५५ ते १८७१ या काळात निघाल्या आणि १८६६ मध्ये तिने मुलांसाठी एक मासिकही सुरू केले. तिच्या पहिल्याच कथेत एक सुरवंट आहे. मरणोन्मुख फुलपाखरू आपली अंडी त्याच्या हवाली करते. पुढे चंडोल त्याला सांगतो, की या अंड्यांतून सुरवंटच निघतील आणि तू स्वतःही एक दिवस फुलपाखरू होशील. सुरवंटाला ते खरे वाटत नाही. अंड्यांतून खरोखरच सुरवंट बाहेर पडतात, तेव्हा त्याचा दुसऱ्या गोष्टीवरही विश्वास बसतो. मरणोत्तर जीवनावरील श्रद्धेचा हा धडा आहे, हे कथेचे शीर्षकच सांगून टाकते.

या रचनेच्या पायऱ्या तीन : दृश्य, दृष्टान्त, उपदेश. निसर्गातील एखादी घटना अचूक निरीक्षणाने मांडायची, तिला मानवी भाषा द्यायची आणि तिच्यातून सिद्धान्त बाहेर काढायचा. गॅटीबाईंचे निरीक्षण खरे असते. त्यांचा सुरवंट जीवशास्त्राच्या पुस्तकातला सुरवंट आहे. तरीही कथा संपल्यावर त्याचे काम संपते. सिद्धान्त हाती आला, की सुरवंटाकडे परत पाहण्याचे कारण उरत नाही. १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ आला आणि निसर्ग हा ईश्वराच्या योजनेचा पुरावा आहे, ही खात्री डळमळू लागली. गॅटीबाईंनी पुढे आपल्या एका दृष्टान्तकथेत डार्विनमताची थट्टाही केली. अशा वेळी मुलांच्या पुस्तकातील प्राण्यांवर साक्षीदाराची जबाबदारी अधिकच जोराने लादली गेली.

याच परंपरेतील शार्लट मारिया टकर (१८२१–१८९३) ही लेखिका तर प्रत्यक्ष हिंदुस्थानात आली. ‘ए. एल. ओ. ई.’, म्हणजे ‘इंग्लंडमधील एक महिला’, या आद्याक्षरांच्या आड राहून तिने मुलांसाठी विपुल लेखन केले. एका उंदराची भ्रमणकथा हे त्यांपैकी एक पुस्तक. १८७५ मध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, ती पंजाबात मिशनकार्यासाठी आली आणि तिथेच वारली. उंदीर, सुई, फूल, पाखरू, जे हाती येईल ते बोधाच्या कामी लावायचे, ही या प्रकाराची ताकद होती आणि मर्यादाही.

टिळकांनी ही पुस्तके समोर ठेवून लिहिले, असे मला म्हणायचे नाही. प्रभाव सिद्ध करणे हा या लेखाचा विषयच नव्हे. या प्रकाराने आखून दिलेली वाट मुंबईत छापील स्वरूपात उपलब्ध होती आणि त्या वाटेवर असूनही टिळक तिच्यावरून चालले नाहीत, हा माझा मुद्दा आहे.

३

मुंबईत ही वाट कशी तयार झाली? मराठीतील मुलांचे छापील वाङ्मय मुळात अनुवादातून उभे राहिले. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचा ‘बाळमित्र’ १८२८ मध्ये आला; त्याचे मूळ बर्कें या फ्रेंच लेखकाचे आणि तेही इंग्रजीच्या मार्गाने आलेले. अमेरिकन मिशनचे पहिले प्रतिनिधी मुंबईत पोचले ते १८१३ मध्ये. त्यांनी छापखाना काढला, देवनागरी खिळे सुधारले आणि पुढे ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिकही चालवले. या छापखान्यात टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली खिळे पाडण्याची कला शिकलेले जावजी दादाजी यांनी नंतर ‘निर्णयसागर’ उभारला. विनायक कोंडदेव ओक (१८४०–१९१४) यांचे ‘बालबोध’ मासिक १८८१ मध्ये सुरू झाले, ते याच निर्णयसागराच्या आश्रयाने. म्हणजे मिशनच्या ओतशाळेत घडलेली विद्या काळबादेवीत येऊन बिगरमिशनरी बालवाङ्मयाच्या कामी आली. अक्षरे त्याच कुळातली, हेतू मात्र बदललेला.

ओकांचे काम थक्क करणारे आहे. चौतीस वर्षांच्या काळात ‘बालबोध’मधून त्यांनी ४०२ चरित्रे, ४०२ कविता आणि ४०२ निबंध लिहिले, अशी गणना केली जाते, शास्त्रीय निबंधांची संख्याही जवळपास तेवढीच. तिन्ही आकडे सारखे आहेत हे लक्षणीय आहे. दरमहा एक चरित्र, एक कविता, एक निबंध असा नेम त्यांनी मरेपर्यंत सोडला नाही, हे त्यातून दिसते. या नेमात निसर्गाची जागा ठरलेली होती, ती म्हणजे शास्त्रीय निबंधाची. ओकांनी मिशनच्या पुस्तकांतून सिद्धान्त काढून टाकला आणि त्या जागी माहिती ठेवली. मुलाने जग जाणावे आणि जाणून शहाणे व्हावे, ही त्यामागची दृष्टी. नीती राहिली, धर्मान्तराचा आग्रह गेला. मराठी बालवाङ्मयाच्या इतिहासात हे फार मोठे पाऊल होते, यात शंका नाही.

परंतु रचनेच्या अंगाने पाहिले, तर ओकांच्या पावलाने एक गोष्ट बदलली नाही. निसर्ग अजूनही कशाचे तरी साधन होता. एकाकडे सिद्धान्ताचे, दुसऱ्याकडे ज्ञानाचे. दोन्हीकडे मूल विद्यार्थी होते आणि पाखरू पाठ होते. टिळकांची कविता उभी राहते ती या दोन प्रस्थापित वाटांच्या पार्श्वभूमीवर.

४

अनेक पिढ्यांनी शाळेत पाठ केलेली ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता या दृष्टीने पुन्हा वाचून पाहू. कथानक सर्वपरिचित आहे. बाण लागलेली एक पक्षिणी पडत-उठत, रस्ता चुकत, रक्त गाळत आपल्या ढोलीत परतते. पिलांसाठी आणलेला अखेरचा घास ती त्यांना भरवते. यापुढे अनाथांचे रक्षण पिता करील, असे सांगते. सकाळी आपण गाऊन माणसांचे मन रमवले आणि त्याच माणसांनी आपल्याला मारले, याचा ती विचार करते. माझ्या कुशीत आता ऊब उरलेली नाही, तेव्हा शिरू नका, असे पिलांना बजावते. माझी आठवण कराल तेव्हा दयाळू ईश्वराचीही करा, असे म्हणते. मग आपल्या रक्ताने पिलांचे अंथरूण भिजू नये म्हणून खाली उतरून झाडाच्या तळाशी निजते आणि मरते.

शाळेत या कवितेचे तात्पर्य ‘प्राणिमात्रांवर दया करावी’ असे सांगितले जाते. तात्पर्य खोटे नाही. पण ते कवितेतील एका ठळक शब्दाला वळसा घालून जाते. तो शब्द म्हणजे ‘पिता’. पिलांची आई मरते आहे. अशा प्रसंगी जिवंत असलेल्या बापाकडे, म्हणजे नरपक्ष्याकडे, किंवा रानातल्या इतर पाखरांकडे ती पिले सोपवू शकली असती. तसे होत नाही. हा पिता कवितेत इतरत्र कुठेही दिसत नाही आणि तरीही पिलांचे पुढचे सारे आयुष्य त्याच्यावर ठेवलेले आहे. एका पाखराचे मरणही ज्याच्या नकळत होत नाही, असा पिता शुभवर्तमानात येशूने आपल्या शिष्यांना सांगितला आहे. हे लक्षात आल्यावर इतर तपशील वेगळ्या उजेडात दिसू लागतात. उपकार केलेल्यांच्याच हातून आलेले मरण, निरपराध देहातून वाहणारे रक्त, मरणापूर्वी स्वतःच्या हाताने भरवलेला शेवटचा घास, मागे राहणाऱ्यांना आठवण ठेवण्याची विनंती आणि त्यांना पित्याच्या हवाली करणे. ख्रिस्ती वाचकाला हा क्रम ओळखीचा वाटल्याशिवाय राहणार नाही. तो प्रभुभोजनाचा आणि क्रुसाचा क्रम आहे.

यावर एक आक्षेप सहज सुचतो. ‘पिता’ हा शब्द केवळ ख्रिस्ती आहे का? नाही. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या आणि गिरगावात मंदिर उभारलेल्या प्रार्थनासमाजाच्या उपासनेतही ईश्वराचे पितृत्व मध्यवर्ती होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मुंबईत हा शब्द अनेक पंथांच्या सीमेवर उभा होता. शिवाय कविता समजून घेण्यासाठी गिरगाव ओलांडून आणखी मागे, थेट तेराव्या-चौदाव्या शतकाकडे जावे लागते. सकाळी चाऱ्यासाठी गेलेली पक्षिणी आणि तिची वाट पाहत उपाशी बसलेले पिलू, ही प्रतिमा नामदेवांच्या अभंगात आहे. तिथे पिलू म्हणजे भक्त आणि पक्षिणी म्हणजे देव. नामदेवांच्या अभंगात पक्षिणी परतलेली नसते; सारा अभंग त्या वाट पाहण्यात आहे. टिळकांच्या कवितेत ती परतते, पण बाण लागून.

हा संबंध मला निर्णायक वाटतो. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे टिळकांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता तो पूल प्रत्यक्ष दाखवते. पक्षिणी म्हणजे देव, हे समीकरण भक्तिपरंपरेने मराठी मनात आधीच रुजवलेले आहे. त्या समीकरणातील पक्षिणी मारली गेली, की मराठी भाषेच्या आतूनच, एकही परकीय शब्द न वापरता, मारल्या जाणाऱ्या देवाची कल्पना उभी राहते. विठ्ठल माउली आहे. पण माउलीच्या उरात बाण, हे दृश्य वारकरी कवितेने कल्पिलेले नव्हते. ते टिळकांनी कल्पिले. आणि ते कल्पिताना त्यांनी बंदुकीच्या काळात बाण निवडला. वाल्मीकीसमोर पडलेल्या क्रौंचाची आठवण त्या एका शस्त्राने जागी होते. व्याधाचा बाण, नामदेवांची पक्षिणी आणि शुभवर्तमानातला पिता या तिन्ही परंपरा इथे एका लहानशा देहात भेटतात.

कविता बाप्तिस्म्याच्या आधीची मानली किंवा नंतरची, तरी या वाचनात फरक पडत नाही. मी कवीच्या श्रद्धेचा दाखला देत नाही. संहितेत जे शब्द आहेत आणि त्या शब्दांच्या मागे ज्या परंपरा आहेत, त्यांच्याविषयी बोलतो आहे.

५

असे वाचल्याने कविता पुन्हा मिशनच्या पत्रिकेजवळ जात नाही काय? रूपक उलगडले, सिद्धान्त हाती आला, पाखराचे काम संपले, असे तर होत नाही ना? हा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याचे उत्तर कवितेच्या घडणीत शोधले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी, की ही पक्षिणी सोशीक नाही. व्हिक्टोरियन बोधकथेतील आदर्श प्राणी आज्ञाधारक असतो. दुःख आले तरी तो त्यातून शिकतो. टिळकांची पक्षिणी मरता मरता उपरोधाने बोलते. माझ्यासारख्या दुबळ्या, निरपराध पाखराला मारून माणूस खरोखरच शूर आणि उदार ठरला, असे ती म्हणते. हा कसला न्याय, असे विचारते. तिच्या तोंडी क्षमा नाही. क्रुसावरून मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली गेली. इथे मारेकऱ्यांवर आरोप ठेवला जातो. म्हणजे मी वर दाखवलेला क्रम एका महत्त्वाच्या जागी मोडतो. कविता रूपकाच्या चौकटीत पूर्ण बसत नाही आणि जिथे बसत नाही, तिथेच पक्षिणी ही पक्षिणी राहते. तिचा राग तिचा स्वतःचा आहे.

दुसरी गोष्ट शेवटच्या कडव्याची. संपूर्ण कविता पृथ्वी वृत्तात, सतरा अक्षरांच्या ओळींत चालते. पडणे, उठणे, धडपडणे या साऱ्याला ते वृत्त मोठा अवकाश देते. शेवटच्या कडव्यात कवी वृत्त बदलतो आणि चौदा अक्षरांच्या वसंततिलकेत येतो. ओळ आखडते. बोलणे थांबलेले असते. आता फक्त देह दिसतो : मातीत पसरलेले पंख, वर आलेले पोट, उघडी चोच, ताणलेले पाय. त्यानंतर कविता संपते. या कडव्यात पिता नाही, ईश्वर नाही, पिलांचे पुढे काय झाले ते नाही, माणसाला उपदेश नाही. वसंततिलका हे एरवी प्रसन्न वर्णनासाठी वापरले जाणारे वृत्त. इथे ते मृतदेहाच्या वर्णनासाठी येते आणि त्या देहाची रम्यता शेवटपर्यंत सोडत नाही.

मिशनच्या पत्रिकेत हे घडले नसते. गॅटीबाईंच्या सुरवंटाला फुलपाखरू होण्याचे वचन मिळते आणि वाचकाला ते पुरे झालेलेही दिसते. टिळकांच्या पक्षिणीने पित्यावर टाकलेला विश्वास मात्र पुरा होताना कवितेत दिसत नाही. तो खोटा ठरला, असेही कविता म्हणत नाही. विश्वास एका कडव्यात आणि देह दुसऱ्या कडव्यात असे ठेवून कवी बाजूला होतो. ते दोन्ही एकत्र धरणे वाचकावर, म्हणजे मुलावर, सोपवलेले आहे. मूल इथे विद्यार्थी उरत नाही, साक्षीदार होते. रूपकामुळे अर्थ सक्तीचा होतो, तेव्हा ती पत्रिका असते. अर्थ उपलब्ध असतो पण सक्तीचा नसतो, तेव्हा ती कविता असते. ‘केवढे हे क्रौर्य!’ दुसऱ्या प्रकारात मोडते आणि ती धार्मिक असूनही नव्हे, तर तिच्या धार्मिक जाणिवेच्या खोलीमुळेच मोडते. ज्याला मरणाचे खरेपण मान्य नाही, त्याला पुनरुत्थानाची घाई असते. टिळकांना ती नव्हती.

६

आता बिरुदाकडे परत येऊ. फुले आणि मुले हे शब्द धर्माला वगळून ‘सर्वांचे’ असे काही उरावे म्हणून निवडले गेले, असे आरंभी म्हटले. पण निवड करणाऱ्यांच्या लक्षात एक गोष्ट आली नसावी. रानातल्या फुलांकडे पाहा, ती कष्ट करीत नाहीत तरी त्यांचे वैभव राजापेक्षा मोठे आहे, अशा आशयाचा उपदेश डोंगरावरील प्रवचनात आहे. मुलांना माझ्याकडे येऊ द्या, स्वर्गाचे राज्य त्यांच्यासारख्यांचेच आहे, हा आशयही शुभवर्तमानाचाच. फुले आणि मुले या येशूच्या बोलण्यातील दोन अत्यंत जवळच्या प्रतिमा आहेत. धर्म बाजूला ठेवण्यासाठी जे बिरुद रचले गेले, त्याने नकळत त्या धर्माचा गाभाच नोंदवला. दुसरीकडे, वनातल्या वृक्षांना सोयरे मानणारा तुकाराम टिळकांच्या बाजूला उभा आहेच. या दोहोंना वगळून उरणारी फुले आणि मुले कोणती? ती कागदी असतात.

बिरुदाचा दुसरा परिणाम वाङ्मयेतिहासावर झाला. टिळकांना निसर्गकवी ठरवले, की ते बालकवींचे पूर्वसूरी म्हणून एका वाक्यात निकालात निघतात. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या कवीला ‘बालकवी’ हे नाव मिळाले आणि पुढे त्यांना टिळकांच्या घराचा आसरा लाभला, हा इतिहास या सोयीस्कर मांडणीला आधारही पुरवतो. परंतु घर एक असले, तरी निसर्ग एक नव्हता. बालकवींचा निसर्ग स्वयंपूर्ण आहे. त्यात माणूस नसला तरी चालते, किंबहुना बरे असते. टिळकांच्या निसर्गात कोणीतरी कोणाचे तरी लागत असते. ‘पाखरा, येशील का परतून?’ या कवितेतही पाखरू वर्णनाचा विषय नसून ज्याला हाक मारायची ते आप्त आहे. एकाकडे सौंदर्यानुभव, दुसऱ्याकडे नाते. पूर्वसूरी आणि उत्तराधिकारी असे म्हटले, की हा भेद झाकला जातो.

तिसरा परिणाम ख्रिस्ती वाचकावर झाला आणि त्याची चर्चा आपल्याकडे सहसा होत नाही. मराठी चर्चमधून टिळकांची भजने आजही गायिली जातात. गाणाऱ्यांना टिळकांचा भक्तीचा भाग मिळाला. पण ज्या कवीने नामदेव-तुकारामांच्या प्रतिमांतून ख्रिस्त पाहिला, त्याचे मराठी कवितेशी असलेले भांडण आणि सख्य त्यांच्या वाट्याला पुरेसे आले नाही. मराठी ख्रिस्ती साहित्य हा ‘प्रवाहाबाहेरचा’ स्वतंत्र कप्पा आहे, असे मानण्याची सवय दोन्ही बाजूंना लागली, ती अशा वाटण्यांतून. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’च्या बाबतीत हे घडले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तिथे धर्म, संसार, विनोद आणि दुःख एकमेकांपासून अलग करता येत नाहीत, म्हणून वाचकांनी ते अलग केले नाहीत. कविता मात्र सुटी सुटी उचलता येते आणि म्हणूनच तिच्यावर ही आपत्ती येते.

७

मी परळच्या बाजूला शिकवतो. माझ्या वर्गातील बहुसंख्य मुलांच्या मागच्या पिढ्या गिरण्यांत होत्या. १९८२ च्या संपाची आठवण घराघरांत आहे. काही वर्षांपूर्वी ही कविता वाचून दाखवल्यावर मी नेहमीचा प्रश्न विचारला : कवितेतील कोणता तपशील तुमच्या मनात राहिला? मला बाणाचे किंवा घासाचे उत्तर अपेक्षित होते. लालबागच्या चाळीत वाढलेली एक मुलगी म्हणाली, अंथरूण भिजू नये म्हणून ती खाली उतरली ते. थोडे थांबून तिने सांगितले, की तिची आजी शेवटच्या दिवसांत खाट सोडून दाराजवळ जमिनीवर निजत असे. एकच खोली होती, आणि खाटेखाली नातवंडांची अंथरुणे असत.

त्या उत्तराने मला माझ्याच वाचनातील उणीव दाखवली. मी पक्षिणीच्या शब्दांत परंपरा शोधत होतो; तिने पक्षिणीची कृती पाहिली. पण दोन्ही वाचने एकमेकांना छेद देत नाहीत. जागा मोकळी करून देणे, दुसऱ्याच्या अंथरुणावर आपल्या मरणाचा डाग पडू न देणे, ही कृती कवितेतील सर्वांत धार्मिक कृती आहे आणि ती करताना पक्षिणी ईश्वराचे नाव घेत नाही. नाव घेणे तिच्या बोलण्यात झाले होते. उतरणे मुकाट्याने होते. ‘प्राणिमात्रांवर दया’ या तात्पर्यात ही कृती मावत नाही, कारण त्या तात्पर्यात आपण दया करणारे असतो. इथे दया करणारी ती आहे.

टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्या शब्दांच्या अर्थाची किंमत न मोजता ते वापरण्याला. फुलात आणि मुलात नाते पाहण्यासाठी या कवीने जात, घर आणि काही काळ पत्नीची सोबतही गमावली होती. त्याच्या श्रद्धेशी सहमत नसलेल्या वाचकालाही हे मान्य करावे लागेल. तुमच्याआमच्यासारख्या शिक्षकांनी एवढे तरी करावे, की पुढच्या वेळी ही कविता शिकवताना ‘पिता’ या शब्दापाशी थांबावे आणि हा कोण, असे मुलांना विचारावे. कोणी प्रभू म्हणेल, कोणी विठ्ठल म्हणेल, कोणी असा कोणी नाही असे म्हणेल. शेवटच्या कडव्यातील उघडी चोच या तिन्ही उत्तरांना पुरून उरते. तिच्यापर्यंत मुलांना नेणे एवढेच आपले काम आहे.